‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न आधी बंद करा

डोक्याला मार लागलेला माणूस आयसीयूतून वॉर्डात आला की त्याच्या खाटेभोवती तोंडी परीक्षा सुरू होते. काका येतात, “ओळखलंस का मला? सांग बरं, कोण मी?” मावशी येते, “काल कोण आलं होतं रे भेटायला?” शेजारच्या बेडचे नातेवाईकही जाता जाता विचारून घेतात, “आज जेवायला काय होतं?” उत्तर बरोबर आलं की सगळे खूश. चुकलं की चेहरे पडतात आणि कुणीतरी व्हरांड्यात जाऊन डोळे पुसून येतं. हेतू चांगलाच असतो. विचारत राहिलं की मेंदूला चालना मिळेल, गंज निघेल, अशी समजूत असते. प्रत्यक्षात स्मृतीच्या दुरुस्तीत सगळ्यात मोठा खोडा हीच सवय घालते.

ती का सोडायची आणि तिच्या जागी काय करायचं, ते इथे तपशिलात लिहायचं आहे. दुचाकीवरून पडलेल्या, परांचीवरून किंवा गच्चीवरून खाली आलेल्या, न्हाणीघरात घसरून डोकं आपटलेल्या माणसांच्या घरच्यांसाठी हे आहे. अल्झायमरसारख्या आजारात स्मृती उतरणीला लागलेली असते. इथे ती बहुधा चढणीला असते, म्हणून घरच्यांच्या वागण्याने फरक पडतो.

बारनिशीचा कारकून रजेवर

“सीटी नॉर्मल आहे, मग हा विसरतो कसा?” हा प्रश्न हमखास येतो. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, हाडाची चीर दिसते. मेंदूतल्या पेशींना जोडणारे बारीक तंतू दिसत नाहीत. लागलेल्या दह्याचं भांडं हिसका देऊन फिरवलं तर भांड्याला काही होत नाही, आतलं दही मात्र जागोजागी मोडतं. वेगात असलेलं डोकं एकदम थांबतं तेव्हा तंतूंचं तसंच होतं. एमआरआयच्या काही खास चित्रांमध्ये रक्ताचे सूक्ष्म ठिपके दिसतात, पण एमआरआय स्वच्छ आला म्हणजे तंतू शाबूत आहेत असंही नाही.

दुसरी गोष्ट कवटीच्या तळाची. कपाळामागे आणि कानशिलांजवळ तो खडबडीत आहे. त्यामुळे मार डोक्याच्या मागे लागला तरी खरचटतात ते बहुतेकदा मेंदूचे पुढचे आणि बाजूचे भाग. बाजूच्या भागात आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस आहे, नव्या घटनांची नोंद घेणारा. पुढचा भाग ठरवणं, क्रम लावणं आणि वेळेवर आठवणं बघतो. म्हणून या माणसांत दोन तक्रारी जोडीने येतात: नवीन टिकत नाही आणि करायचं ते ऐनवेळी सुचत नाही.

सरकारी कचेरीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. जुनी कपाटं, फायली, गठ्ठे जागच्या जागी आहेत, पण बारनिशीचा, म्हणजे आल्या-गेल्या टपालाची नोंद ठेवणारा कारकून रजेवर गेलाय. टपाल येतं, टेबलावर पडतं आणि नोंद न होताच वाऱ्याने उडून जातं. काकांना ओळखणं हे जुन्या कपाटातलं काम आहे. ते जमलं म्हणजे कारकून कामावर आला असं होत नाही. घरचे निश्चिंत होतात, डिस्चार्ज मिळतो, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की सकाळची गोळी त्याने दोनदा घेतली.

शुद्ध आली, स्मृती यायची आहे

डोळे उघडले, बोलायला लागला की आपण “शुद्धीवर आला” म्हणतो. पण त्यानंतरही काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे असा काळ असतो की माणूस जेवतो, चालतो, फोनवर बोलतो, विनोदही करतो, आणि तासाभराने त्यातलं काही त्याच्याकडे उरत नाही. याला पोस्ट-ट्रॉमॅटिक अ‍ॅम्नेशिया म्हणतात, वॉर्डातल्या भाषेत पीटीए. या काळात हॉस्पिटल हे त्याला लॉज वाटू शकतं, सिस्टर शाळेतल्या बाई वाटू शकतात. सलाईन ओढतो, “गाडी काढा, उशीर होतोय” म्हणून उठतो.

पीटीए मोजायचा तो अपघाताच्या क्षणापासून, बेशुद्धीचा काळ धरून, रोजची स्मृती सलग होईपर्यंत. तासाभराच्या आत संपला तर मार सौम्य, १ ते २४ तास मध्यम, १ ते ७ दिवस गंभीर, आठवड्याच्या वर अतिगंभीर, असा जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा अंदाज आहे. पुढचा प्रवास किती लांबेल हे सांगायला अनेकदा स्कॅनपेक्षा हा आकडा जास्त कामाला येतो. मध्येच एखादी गोष्ट आठवली म्हणजे पीटीए संपला असं नाही, अशी बेटं मधूनमधून दिसतातच. मोजायला अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टनची १०० गुणांची चाचणी आहे, त्यात ७५च्या वरचे गुण टिकून यावे लागतात. सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलमधून आलेल्या चाचणीत रोज १२ प्रश्न असतात. तारीख, जागा यांच्याबरोबर काल दाखवलेली तीन चित्रं आणि तपासणाऱ्याचं नावही विचारतात. ओळीने तीन दिवस १२ पैकी १२ आले की पीटीए संपला.

गर्दीच्या वॉर्डात हे रोज करायला कुणाला वेळ नसतो. मग सहा महिन्यांनी डॉक्टर विचारतात, “किती दिवस गोंधळात होते?” आणि घरचे अंदाजाने सांगतात, “असतील आठ-दहा.” म्हणून पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी तीन ओळी लिहून ठेवा: आज स्वतःहून काय बोलला, कुठे आहे म्हणाला, सकाळचं काही दुपारी आठवलं का. हे निरीक्षण त्याला न विचारता करायचं. गप्पांतून कळतं ते पुरे.

या काळात शिकवायला जाऊ नका, शिकवलेलं बसत नाही. भोवतालची व्यवस्था शांत ठेवणं हाच उपचार. सोबतीला आलटून पालटून ठरलेली दोनच माणसं. एका वेळी दोनपेक्षा जास्त भेटणारे नकोत, तेही दहा मिनिटं. टीव्ही बंद, मोबाईलवरचे व्हिडिओ बंद. नारळपाणी आणि फळांच्या पिशव्या घेऊन सगळं गाव लोटतं त्याला दाराशी अडवायला घरातला एक खमक्या माणूस नेमा. वाईटपणा आला तर येऊ दे.

खाटेच्या पायथ्याशी एक पुठ्ठा लावा आणि येणाऱ्याने त्यावरची वाक्यं आपल्या नावानिशी वाचायची असा नियम करा: “मी सुधाकाकू, नाशिकहून आलेय. तू हॉस्पिटलमध्ये आहेस. गाडीवरून पडलास, डोक्याला लागलं. आता बरा होतोयस.” सगळ्यांनी तीच वाक्यं, त्याच क्रमाने. प्रत्येकाने आपापल्या तऱ्हेने अपघात सांगितला तर त्याच्या हाती दहा वेगळे अपघात येतात.

चिडचिड, आरडाओरडा वाढला तर आधी साधी कारणं बघा. लघवीची नळी तुंबलीय का, पोट साफ झालंय का, प्लास्टर टोचतंय का. हातपाय बांधले की गोंधळलेला माणूस जास्त झगडतो. झोपेची आणि शांत करणारी औषधं कधी कधी द्यावीच लागतात, पण हॅलोपेरिडॉल किंवा डायझेपामसारखी औषधं दिवसेंदिवस चालली तर गोंधळ लांबू शकतो. “हे किती दिवस द्यायचंय आणि कमी कधी करायचं?” हा प्रश्न राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारायचा हक्क आहे, तो वापरा.

आणखी एक प्रकार घरच्यांना फार घाबरवतो. माणूस घडलेलंच नाही ते ठामपणे सांगतो. “सकाळी ऑफिसला जाऊन आलो, साहेब भेटले.” हे खोटं बोलणं नाही. नोंद नसलेल्या जागी मेंदू जुन्या फायलीतला कागद लावून मोकळा होतो. “काहीतरीच काय बोलतोस” म्हणून भांडायचं नाही आणि “हो का, काय म्हणाले साहेब?” म्हणून पुढेही ढकलायचं नाही. “ऑफिसची आठवण येतेय ना? आज आपण हॉस्पिटलमध्येच आहोत. चल, चहा घेऊ.” एवढंच.

भांडण टाळायचं आणखी एक कारण आहे. जिनिव्हाचे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली एका प्रयोगाची नोंद केली. नवीन काही लक्षात न राहणाऱ्या एका बाईशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. नंतर तिला ना डॉक्टर आठवत होते ना टाचणी, पण हात मात्र तिने पुढे केला नाही. ज्यावरून रागावलात ती गोष्ट तो विसरेल, तुमच्या आवाजाची धास्ती राहील. मग तुम्ही खोलीत आलात की तो कारण नसताना आक्रसेल.

चूक पाठ होते

पीटीए ओसरला, घरी आला, आता शिकवता येतं. इथे त्या पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ.

तुम्ही विचारता, “डॉक्टरांचं नाव काय?” तो अंदाज करतो, “जोशी.” तुम्ही सांगता, “नाही, कुलकर्णी.” निरोगी माणूस काय ध्यानात ठेवतो? ‘मी जोशी म्हणालो होतो, ते चुकलं.’ हे ध्यानात ठेवायलाही बारनिशीचा कारकून लागतो. तो नसेल तर दुरुस्ती नोंदली जात नाही, आणि स्वतःच्या तोंडून निघालेला ‘जोशी’ मात्र जिभेला वळण लावून जातो. पुढच्या वेळी तो आणखी सहज येतो. सवयीची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, आणि मार लागल्यावर सवयीची बरीचशी शाबूत राहते. म्हणून तर सायकल येते, पोळी लाटता येते. त्याच वाटेने चूकही पाठ होते.

ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली हे मांडलं. शब्दाची पहिली दोन अक्षरं सांगायची आणि एका वेळी रुग्णाला ओळखायला लावायचं, दुसऱ्या वेळी अख्खा शब्द आधीच सांगून नुसता लिहून घ्यायचा. ज्यांची स्मृती फार गेली होती त्यांच्यात दुसऱ्या रीतीने शब्द लक्षणीय जास्त टिकले. याला बिनचूक शिक्षण म्हणू. सूत्र सोपं, पाळणं कठीण: आधी सांगा, मग विचारा, आणि विचारताना अंदाजाला जागा ठेवू नका. “आठवत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, अंदाज करू नकोस” हे त्याला रोज सांगावं लागतं, कारण आपल्या शाळांनी “काहीतरी लिहून ये” हेच शिकवलंय.

याच्या जोडीला अंतर वाढवत जायचं. सत्र असं असतं. एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि ती उपयोगाची असू द्या. पाठांतराला राजधान्या, पाढे नकोत. समजा शिकवायचंय, ‘गोळी घेतली का हे निळ्या वहीत बघायचं.’ तुम्ही म्हणता, “गोळी घेतली का हे निळ्या वहीत बघायचं. गोळी घेतली का हे कुठे बघायचं?” तो लगेच म्हणतो, “निळ्या वहीत.” मग १५ सेकंदांनी पुन्हा तोच प्रश्न. जमलं तर ३० सेकंद, मग १ मिनिट, २, ४, ८. मधल्या वेळात इकडच्या तिकडच्या गप्पा किंवा भाजी निवडणं. अडखळला की “आठव, आठव” म्हणायचं नाही. लगेच उत्तर सांगायचं, त्याच्याकडून वदवून घ्यायचं, आणि आधीच्या जमलेल्या अंतरावर परत यायचं. एका सत्रात ८ मिनिटांपर्यंत पोचलात तर उत्तम. दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या विचारून बघायचं. आलं तर पुढचं अंतर, नाही आलं तर पुन्हा १५ सेकंदांपासून.

इथे तीन ठिकाणी घसरगुंडी होते. एक, प्रश्नाचे शब्द बदलतात. आई “कुठे बघायचं” विचारते, भाऊ “कशात लिहिलंय” विचारतो. त्याच्या लेखी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावा. दोन, प्रश्न वहीपासून लांब, सोफ्यावर विचारला जातो. उत्तराबरोबर उठून वही उघडणंही झालं पाहिजे, नाहीतर उत्तर पाठ होतं आणि कृती होत नाही. तीन, सत्र लांबतं. मार लागलेला मेंदू लवकर दमतो आणि दमल्याचं त्याला स्वतःला कळतच असं नाही. १५-२० मिनिटं पुरे. जांभया, डोळे चोळणं, उगाच हसणं दिसलं की थांबा. दिवसाचा चांगला काळ बहुतेकांचा न्याहारीनंतरचा असतो.

नावांसाठी अक्षरं गाळत जाण्याची युक्ती चालते. पहिल्या दिवशी कार्डावर पूर्ण ‘शुभांगी’ लिहा, मग ‘शुभां_’, मग ‘शु_ _’, मग कोरं कार्ड आणि फोटो. प्रत्येक पायरीवर तो न चुकता म्हणेल एवढीच अक्षरं काढायची. दोनदा अडला तर एक अक्षर परत द्या.

आणि हो, शब्दकोडी, सुडोकू, मोबाईलवरचे ‘ब्रेन गेम’. वेळ छान जातो. सुडोकूने सुडोकू सुधारतं. गॅस बंद करायचं आठवायला लागत नाही.

वही एकच

बाहेरचा आधार घेतला तर स्मृती आळशी होईल, ही भीती अगदी शिकलेल्या घरांतही भेटते. कुबडी दिली तर पाय कायमचा लंगडा होईल असं फ्रॅक्चरच्या वेळी कुणी म्हणत नाही.

वही जाड पुठ्ठ्याची, साधारण शाळेच्या वहीच्या आकाराची, भडक रंगाची, एकच. पहिल्या पानावर नाव, पत्ता, घरच्या दोघांचे नंबर आणि ‘मला काय झालं’ हे पाच ओळींत. पुढे माणसांचं पान: फोटो, नाव, नातं. मग रोजचं एक पान. डाव्या बाजूला वेळ आणि काम, उजवीकडे झालं की खूण आणि किती वाजता. खूण काम झाल्यावर त्यानेच करायची, तुम्ही नाही. ‘घेतली’ हे आधी लिहून मग गोळी शोधायला गेला तर वाटेत विसरतो आणि वही खोटं बोलते. अशा दोन-चार घटना झाल्या की त्याचा वहीवरचा विश्वास उडतो. मग वही बघायची सवय मोडते आणि पुन्हा लावायला महिना जातो.

वही पाहायची ती ठरावीक वेळांना बांधून: उठल्यावर, चहाबरोबर, जेवणानंतर, झोपताना. पहिले काही आठवडे तुम्ही म्हणायचं, “वही बघ.” मग नुसतं वहीकडे बोट. मग बोटही नाही. त्याने “आज काय वार?” विचारलं की वार सांगायचा नाही, वही पुढे करायची. हे निर्दयपणाचं वाटतं आणि सगळ्यात जास्त माघार इथेच घेतली जाते, विशेषतः आज्जी घरात असेल तर.

कालनिर्णय या कामाला नको. तिथी, नक्षत्र, चतुर्थी, राहुकाळ, मागच्या पानावर रेसिपी; एवढ्या गर्दीत आजचा चौकोन सापडत नाही. रोज पान फाडायचं जाड आकड्यांचं कॅलेंडर लावा आणि पान फाडणं हे त्याचं काम ठेवा. घड्याळ वार आणि सकाळ-संध्याकाळ दाखवणारं डिजिटल घ्या. दुपारी झोपून उठलेला माणूस काट्यांच्या घड्याळात सहा बघून दात घासायला जातो.

मोबाईलचा गजर चांगला आहे. इंग्लंडमध्ये पेजरवर सूचना पाठवण्याचा प्रयोग झाला, त्याचे निकाल २००१ साली आले. १४३ जणांनी भाग घेतला, आणि प्रयोग पूर्ण केलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांची रोजची कामं वेळेवर होण्यात सुधारणा झाली. पण गजराचीही एक खोड आहे. तो वाजतो, माणूस बंद करतो, उठतो, आणि तीन पावलांवर ‘आपण का उठलो’ हे विसरतो. म्हणून फोन गोळ्यांच्या डब्याशेजारीच ठेवा, म्हणजे बंद करायला तिथेच जावं लागेल. पाच मिनिटांनी दुसरा गजर. नावात नुसतं ‘औषध’ नको, ‘डब्यातला सोमवार-रात्र कप्पा उघड’ असं लिहा. डबा सात दिवस गुणिले चार वेळांचा आणि भरणारा माणूस एकच.

स्वयंपाकघरात परत यायची घाई बायकांना असते, आणि ते चांगलंही आहे, हाताची स्मृती तिथे पक्की असते. बिघडतं ते मोजण्यात आणि मध्येच थांबण्यात. फोडणीत मीठ दोनदा पडतं. उपाय: सुरुवातीलाच लागेल तेवढं मीठ एका वाटीत काढून ठेवा, वाटी रिकामी म्हणजे मीठ घातलं. कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. ओट्यावर तीन सुपाऱ्या मांडा, शिट्टी झाली की एक सुपारी डाव्या बाजूला. दूध तापत असताना दाराची बेल वाजली तर आधी गॅस बंद, मग दार. हा क्रम वर सांगितलेल्या पद्धतीनेच, अंतर वाढवत शिकवायचा. गिझरला टायमर बसवून घ्या. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करा. एकाच किराणावाल्याला दोनदा पैसे जाणं हे नेहमीचं, आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला असा माणूस सोपं सावज.

गोळ्या, टॉनिक आणि बदाम

स्मृतीसाठी काय घ्यायचं याआधी काय टाळता येईल ते बघा. डोकेदुखी आणि झोपेसाठी दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन, हॅलोपेरिडॉलसोबत येणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, ही सगळी स्मृतीवर साय धरतात. फिट्सच्या गोळ्यांपैकी फिनोबार्बिटोन आणि टोपिरामेट सुस्ती आणतात. गंभीर मारानंतर पहिल्या ७ दिवसांत येणाऱ्या फिट्स रोखायला औषध देतात, ते योग्यच आहे. पण एकही फिट आली नसताना तेच औषध केवळ चिठ्ठीवर राहिलं म्हणून वर्षभर चालू असतं. डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. एकदम सोडलं तर फिट येऊ शकते.

सिटिकोलिन हे औषध आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं. अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर ९० दिवस देऊन तपासलं, २०१२ साली निकाल आला: साखरेच्या गोळीपेक्षा काही जास्त झालं नाही, ना कामकाजात, ना स्मृतीत. ब्राह्मी, शंखपुष्पीबाबत, डोक्याच्या मारानंतर गेलेली स्मृती त्यांनी परत आली असा भक्कम पुरावा नाही. बदाम खाऊ द्या, बदाम चांगले लागतात. महिन्याचं टॉनिकचं बिल वाचवून ते पैसे रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या भेटींना द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. दारू मात्र पूर्ण बंद.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मृतीची सविस्तर तपासणी साधारण तीन महिन्यांनी आणि मग वर्षाने करून घ्यावी. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेची चाचणीमाला वय आणि शिक्षणानुसार भारतीय प्रमाणांशी ताडून बघता येते. एकच आग्रह धरा: शब्दयादी रुग्णाच्या बोलण्याच्या भाषेत हवी. मराठी माध्यमात सातवी झालेल्या माणसाला इंग्रजी शब्द ऐकवून काढलेला स्मृतीचा आकडा हा त्याच्या इंग्रजीचा आकडा असतो.

पुढे जाऊन मागे आला तर

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत भराभर होते, मग वेग मंदावतो, पण दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही हळूहळू चालू राहते. मधले दिवस वरखाली होतात, जागरण झालं, ताप आला की होणारच. पण सुधारलेला माणूस आठवडाभर सतत मागे जात असेल तर “मार लागलाय, चालायचंच” म्हणू नका. वय साठच्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या आपटण्यानंतरही काही आठवड्यांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचू शकतं. डोकेदुखी, पेंगणं, एका बाजूचा अशक्तपणा, विसरणं वाढणं. सीटीत दिसतं, कवटीला छोटी भोकं पाडून काढता येतं. पावलं जमिनीला चिकटल्यासारखी पडणं, कपड्यात लघवी होणं आणि मंदपणा हे तिन्ही एकत्र दिसलं तर मेंदूत पाणी साचलंय का बघावं लागतं. एखादं मिनिट टक लावून बघणं, ओठ चाटणं आणि नंतर ते न आठवणं ही फिट असू शकते. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीचा संसर्ग, थायरॉइड, घोरण्यामुळे तुटणारी झोप आणि खिन्नता, यांतलं प्रत्येक कारण उपचार होण्यासारखं आहे.

अपघाताची ती दहा मिनिटं

अपघाताआधीच्या स्मृतीचं वेगळं गणित आहे. सुरुवातीला कधी महिने, कधी वर्षं पुसलेली वाटतात. मग जुन्याकडून नव्याकडे भरत येतात आणि भोक लहान होत जातं. शेवटी बहुधा अपघाताच्या आधीची काही मिनिटं उरतात, ती येत नाहीत. ती कुठे दडलेली नसतात. टेबलावर आलेलं टपाल नोंदवायच्या आतच खोलीत आग लागली, असं ते असतं. संमोहनाने, अपघाताच्या जागी नेऊन, फोटो दाखवून ती परत येत नाहीत. उलट ट्रक कुठल्या बाजूने आला हे पाच जणांनी पाचदा सांगितलं की त्याला तो ट्रक ‘दिसायला’ लागतो. पोलीस जबाब आणि विम्याचा दावा बाकी असेल तर हे महत्त्वाचं आहे. जबाबात ‘आठवत नाही’ हेच नोंदवू द्या, आणि घरच्यांनी सांगितलेलं तसं ‘घरच्यांनी सांगितलं’ म्हणून. पीटीए चालू असताना जबाब घ्यायला कुणी आलं तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ‘रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही’ असं लेखी घ्या.

गाडी हा शेवटचा आणि घरात सगळ्यात जास्त भांडणं लावणारा विषय. किक मारणं, क्लच सोडणं, तोल सांभाळणं हे सगळं त्याला येतं, कारण ती सवयीची स्मृती. म्हणून तो छातीठोकपणे म्हणतो, “मला काय झालंय?” त्याला न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या: वळण घेताना मागच्या गाडीचं भान, दमल्यावर थांबणं, नेहमीच्या रस्त्यावर खोदकाम निघालं तर दुसरा रस्ता सुचणं. आधी पायी बघा. घरापासून मंडईपर्यंत त्याने पुढे चालायचं, तुम्ही दहा पावलं मागे, वाट सांगायची नाही. मग बसने, बदली बस घेऊन. मग तुमच्या मागे बसून वळणं तोंडाने सांगत. हे सगळं जमलं, डॉक्टरांनी फिट्सच्या बाजूने हिरवा कंदील दिला, नजर तपासून झाली, की मोकळ्या मैदानावर हेल्मेट घालून पहिली फेरी. तोपर्यंत किल्ली घरात लपवू नका, तो शोधून काढतो. शेजाऱ्यांकडे द्या आणि वहीत लिहा: ‘गाडीची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय.’ खाली तारीख आणि त्याची स्वतःची सही घ्या, म्हणजे रोज सकाळी तेच भांडण नव्याने होत नाही.